सहाची हजेरी

किल्ली माझ्या हातून पडली, हे आधीच कबूल करून टाकतो. चौकशीत मी "किल्ली निसटली" असं लिहून दिलं होतं, पण ती झाली कागदावरची भाषा. खरं म्हणजे मी ती बोटात गरगर फिरवत होतो. समोर मांडव, फीत, पाहुणे, आणि बाजारातल्या चोवीस बायका माझ्याकडे टक लावून बघतायत. चोवीस बायकांनी माझ्याकडे एकदम बघण्याचा आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग, त्यामुळे बोटाला जरा जोर चढला. किल्लीनं दोन वेढे घेतले, तिसऱ्या वेढ्याला बोट सोडलं, आणि पायाशी असलेल्या गटाराच्या जाळीतून अशी सुळकन आत गेली, जशी काही माहेरीच निघाली होती.

जाळी सिमेंटनं पक्की बसवलेली. आमच्या बाजारात जी गोष्ट पक्की नको तीच नेमकी पक्की असते. झाडूवाल्यानं तार घातली, कुणी दोरीला लोहचुंबक बांधून सोडलं. चुंबकाला तीन खिळे आणि एक बाटलीचं झाकण मिळालं. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. त्यांना आणखी दोन ठिकाणी फिती कापायच्या होत्या. ते गाडीत बसून गेले. साहेब, म्हणजे आमचे बाजार अधिकारी, मला एवढंच म्हणाले, "तुम्हाला हात नुसते हजेरीपुरते दिलेत का हो?"

गर्दी पांगली. एकटी लिंबूवाली तिथंच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"भाऊ," ती म्हणाली, "किल्ली गेली ती गेली. आठ महिने आम्ही दाबून धरलंय, ते कुठं जाणार?"

आता ती फीत कशाची होती हे सांगायला हवं. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून आठ महिने झाले होते. पांढरी फरशी, चार खोल्या, नळ, छतावर टाकी, सगळं तयार. फक्त उद्घाटन नव्हतं, म्हणून बाहेरच्या दाराला नारळाएवढं कुलूप. पुरुषांचं स्वच्छतागृह बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बारा वर्षं चालू होतं. त्याचं उद्घाटन झालं नव्हतं. ते बांधून होण्याआधीच लोकांनी वापरायला सुरुवात केली होती.

आणि मी कोण, तर बाजार कार्यालयातला हजेरी कारकून. सकाळी नऊला एक फेरी, संध्याकाळी सहाला दुसरी. वही काखेत, पेन कानावर. दोन्ही वेळा जो जागेवर दिसेल तो 'पूर्णवेळ विक्रेता'. सकाळी आहे आणि संध्याकाळी नाही, तो 'अर्धवेळ'. हा फरक पूर्वी कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पण त्या वर्षी बाजाराच्या मधोमध छप्पर घातलेले नवे गाळे तयार झाले आणि वरून नियम आला की गाळे फक्त पूर्णवेळ विक्रेत्यांना. यादी बंद होण्याआधी ज्याची सलग वीस संध्याकाळ हजेरी लागेल, त्याला गाळा. बाकीच्यांनी फुटपाथवरच बसायचं आणि अतिक्रमणाची गाडी आली की टोपल्या उचलून पळायचं.

पुरुषांत निम्मे पूर्णवेळ होते. बायका चोवीसच्या चोवीस अर्धवेळ. साहेबांचा यावर एक सिद्धांत होता. "बायकांना धंद्याची चिकाटी नसते," ते म्हणायचे. "दुपारचा एक वाजला की यांचा जीव घरात." मी चौदा वर्षं त्या चोवीस जणींपुढे रोज 'अर्ध' लिहीत होतो आणि मलाही तसंच वाटत होतं. प्रश्न न पडणं ही कारकुनाची पहिली पात्रता.

उत्तर मला लिंबूवालीनं दिलं, तेही विचारल्याशिवाय. एकदा डॉक्टरनं तिला रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं. "मी त्याला म्हटलं, पिते, पण मग दिवसभर तुमच्या दवाखान्यात येऊन बसू का?" बाजारातल्या बायका सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा घेत आणि त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. एक वाजेपर्यंत कशीबशी कळ काढायची आणि बस पकडून घर गाठायचं. लिंबूवाली दर अर्ध्या तासानं लिंबांवर पाण्याचा हबका मारायची, म्हणजे साल ताजी दिसते. लिंबं भिजायची, आणि त्यांची मालकीण मात्र कोरड्या ओठांनी "घ्या, रसाळ आहेत" म्हणत बसायची. हे मी चौदा वर्षं बघत होतो आणि मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. लिंबं चांगली असायची.

संध्याकाळपर्यंत थांबायचा प्रयत्न तिनं एकदा केला होता. समोरच्या कापडवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी मोरी होती. लिंबूवालीनं रोज दुपारी जाऊन एक रुमाल घ्यायचा आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं मोरीची चौकशी करायची. अकरा रुमाल झाले. बाराव्या दिवशी कापडवाल्यानं पाटी लावली, 'मोरीची सोय फक्त मोठ्या खरेदीसाठी.' "पैठणी घेऊन आत जायची माझी ऐपत नव्हती," ती म्हणायची. "पण घरात सर्दी कुणाचीही होवो, आपल्याकडे रुमाल आहेत."

बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, काटक, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा कांदेवाला भाव उतरवेल. बाप सुतार. घरांना दारं-खिडक्या बसवायचा. दार उभं करायला दोन माणसं लागतात आणि बापाला मुलगा नव्हता, म्हणून नवव्या वर्षापासून दुसरी बाजू हिनं धरली. लग्न झालं ते एका गोदामाच्या पहारेकऱ्याशी. त्याची कायम रात्रपाळी. "आमची भेट जिन्यात होते," ती सांगायची. "तो चढतो, मी उतरते. तरी तीन पोरं झाली, म्हणजे जिना किती लांब असेल बघा." लिंबं निवडण्याचं कारणही तिचं तिनं ठरवलेलं. लिंबाला तराजू लागत नाही. एका मुठीत बरोबर पाच लिंबं उचलायची, ना चार ना सहा, चौदा वर्षांत तिची मूठ चुकलेली मी पाहिली नाही. गिऱ्हाईक मोजायला लागलं की म्हणायची, "मोजा मोजा, माझी नाही तर तुमची तरी खात्री होईल."

गाळा तिला हवा होता, आणि का हवा होता हेही ती लपवत नसे. उघड्यावर दुपारपर्यंत लिंबू सुकतं. खरा धंदा संध्याकाळी साडेपाचनंतर, कचेऱ्या सुटल्यावर. आणि गाडी आली की टोपली उचलून पळताना दर वेळी शंभर-दोनशे लिंबं रस्त्यावर. "वीस वर्षं बसतेय," ती म्हणायची, "पण कुणी पत्ता विचारला तर सांगते, कापडवाल्याच्या समोर. माझ्या धंद्याला माझा पत्ता नाही."

तर किल्ली पडली त्या दिवशी यादी बंद व्हायला तेवीस दिवस होते. हजेऱ्या हव्या वीस. हिशेब तिनं माझ्याआधी केला. "तीन दिवसांत दुसरी किल्ली आणा," ती म्हणाली. "चौथ्या दिवसापासून मी सहाला जागेवर."

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केले. दुसरी किल्ली ठेकेदाराकडे होती आणि ठेकेदार फोनच उचलत नव्हता. कुलूप तोडायचं तर मुख्य कार्यालयाची परवानगी, आणि मुख्य कार्यालयाचं म्हणणं, उद्घाटन न झालेली वास्तू उघडण्याची तरतूद नाही. उद्घाटनाची पुढची तारीख? पाहुण्यांना सहा आठवड्यांनी वेळ होता.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं. ती ताटात वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या कार्यालयात संडास किती?"

"तीन."

"माणसं किती?"

"सात. त्यातली दोन रजेवर."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं'नं माझं जेवण गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लिंबूवालीपुढे जाऊन उभा राहिलो आणि पडेल चेहऱ्यानं सांगितलं, "ताई, कुलूप तोडता येत नाही. नियमात बसत नाही."

"कुलूप तोडायचं नाही," तिनं विचारलं, "पण दार?"

"दाराचं काही लिहिलेलं नाही. पण दार तोडणं म्हणजे..."

"तोडतंय कोण? मी सुताराची मुलगी, दाराला ओरखडा नाही काढणार. तुम्ही वही घेऊन सहाला या, एवढं बघा."

चौथ्या दिवशी सकाळी नऊची फेरी मारताना मी जे पाहिलं ते सांगतो. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं होतं, त्यामुळे त्याच्या तिन्ही बिजागऱ्या बाहेरून दिसत होत्या. लिंबूवालीनं शेजारच्या मिरचीवालीकडून अर्ध्या किलोचं वजन घेतलं, एक लांब खिळा घेतला, आणि बिजागरीची पिन खालून ठोकून वर काढली. एक, दोन, तीन. मग दोघींनी दाराची ती बाजू हळूच पुढे ओढली. कुलूप जिथल्या तिथे. कोयंड्यात जरा ढिलाई होती, तेवढी पुरली. दार कुलपाच्या बाजूला फिरलं आणि बिजागऱ्यांच्या बाजूनं उघडलं. म्हणजे आता कुलूप झालं बिजागरी, आणि बिजागरी झाली कडी. इतकी वर्षं नोकरी केली, पण कुलपाचा असा सदुपयोग मी पाहिला नव्हता.

"तुटलंय काही?" तिनं मला विचारलं.

"नाही."

"कुलूप बंद आहे?"

"आहे."

"मग लिहा हजर. आणि बाकीच्यांना सांगू नका, त्या येतीलच."

संध्याकाळी बाजार बंद होताना दार लावून पिना ठोकून बसवायच्या, सकाळी काढायच्या. पिना दिवसभर लिंबांच्या टोपलीत, तळाला. साहेबांच्या खिडकीतून कुलूप समोर दिसायचं आणि बिजागऱ्यांची बाजू खांबाआड. रोज दहाला येऊन साहेब खिडकीतून कुलूप बघायचे आणि समाधानानं चहा मागवायचे.

पहिल्याच दिवशी एकची बस सात जणींनी सोडली. दोनची चौदा जणींनी. आणि सहाला चोवीसच्या चोवीस जागेवर. माझ्या वहीतला 'अर्ध'चा रकाना एकदम ओस पडला. कामं त्यांनी आपसात वाटून घेतली, म्हणजे टाकी भरायची पाळी, धुवायची पाळी, आणि पाळी चुकवली तर लिंबूवालीचं तोंड, जे कुणालाच परवडत नसे. दुपारी मिरचीवाली सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी गटागटा प्यायली आणि म्हणाली, "चव विसरले होते गं."

बाजार बदलला म्हणतात तो असा बदलतो, कुणाला कळत नाही. कचेऱ्यांतून सुटलेल्या बायका पूर्वी झपाझप चालत निघून जायच्या, त्या आता रेंगाळायला लागल्या. आपल्यालाही इथं जाता येतं हे त्यांना दोन दिवसांत कळलं. अशा गोष्टीची जाहिरात करावी लागत नाही. रेंगाळलेलं माणूस काहीतरी घेतंच. कापडवाल्यानं आपली पाटी उतरवली, कारण मोरीची चौकशी कुणी करेनासं झालं आणि त्याच्या दुकानातही संध्याकाळी उभं राहायला जागा नव्हती. पूर्वी सातला आवरणारा कांदेवाला आठपर्यंत थांबायला लागला आणि बायकोला म्हणाला म्हणे, "या बायकांच्या नादानं मला उशीर होतो." हे वाक्य घरी कसं घेतलं गेलं ते त्यानं सांगितलं नाही.

अठराव्या संध्याकाळी साहेबांनी वही मागवली. पानं उलटली. पुन्हा उलटली.

"चोवीसच्या चोवीस? सहा वाजता?"

"हो साहेब."

"या थांबतात कशा?"

साहेब उठले, खाली उतरले आणि खांबाला वळसा घालून पलीकडे गेले. नेमकी मिरचीवाली आतून पदर सारखा करत बाहेर येत होती. तिनं साहेबांना बघितलं, सवयीनं मान लववली आणि दार लोटलं. चुकीच्या बाजूनं.

दहा मिनिटांत सगळा बाजार तिथं जमला. मी वही छातीशी धरून साहेबांच्या मागे. साहेबांचा चेहरा मिरचीवालीच्या मालासारखा.

"कुणी तोडलं हे?"

"तोडलं कुठं?" लिंबूवाली पुढे आली. हातात ओल्या लिंबांची मूठ तशीच. "कुलूप बघा. जसंच्या तसं बंद आहे."

"उद्घाटन न झालेली इमारत वापरलीत तुम्ही."

"वापरली. रोज धुतली पण. आठ महिन्यांत फरशीवर बोटभर धूळ बसली होती, ती कुणी वापरून बसवली?"

"मला शिकवू नका. या सगळ्यांची हजेरी रद्द. वही आणा हो इकडे. लाल पेन काढा."

लाल पेन माझ्या खिशात होतं. चौदा वर्षांत साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं नाही असं झालं नव्हतं. वही उघडली. अठरा दिवस, चोवीस ओळी. समोर चोवीस जणी, आणि या वेळी त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या तिनं बोटाला जोर वगैरे काही चढला नाही.

"साहेब," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "हजेरीत खाडाखोड केली तर खाली कारण लिहावं लागतं. आणि तुमची सही."

"लिहा मग कारण."

"काय लिहू?"

साहेबांनी कुलपाकडे बघितलं, मग वहीकडे. गर्दीतून कुणी खोकलं. कारण सुचायला इतका वेळ लागतो हे त्यांनाही त्याच दिवशी कळलं असावं.

"मी सांगते," लिंबूवाली म्हणाली. "लिहा भाऊ. सदर बाई सहा वाजता जागेवर हजर होती, समोर दिसत होती, गिऱ्हाइकाशी बोलत होती. परंतु तिला दिवसातून दोनदा लागते, सबब ती गैरहजर धरावी. खाली साहेबांची सही घ्या. आणि एक प्रत मला द्या, मी टोपलीवर चिकटवते."

आधी मिरचीवाली हसली. मग कांदेवाला. मग सगळा बाजार. हसण्यासारखी दुसरी परवानगी नाही, तिला वरून मंजुरी लागत नाही. साहेबही हसले असते, पण पदाचा प्रश्न होता.

"हे असलं नियमात बसत नाही," ते म्हणाले.

"मग हजेरी बसते," ती म्हणाली. "आणि ऐका साहेब. तुम्ही म्हणता बायकांना चिकाटी नसते. वीस वर्षं सकाळपासून एक वाजेपर्यंत जी आम्ही धरली, तिला तुमच्यात काय म्हणतात? तुम्ही एक दिवस करून बघा. तुमची खुर्ची सुटली नाही तर माझा गाळा तुम्हाला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी लाल पेनाचं टोपण काढलं नव्हतं, आणि ते मी काढणार नाही हे मला आणि त्यांना एकाच वेळी कळलं. ते वळले आणि जिना चढून गेले. वर जाऊन त्यांनी माझ्यावर नोटीस काढली, किल्ली हरवल्याबद्दल. दुसरं कारण त्यांना तिथंही सापडलं नाही, आणि दार तसंच उघडत राहिलं.

उरलेल्या दोन संध्याकाळी मी सहाला पाच मिनिटं असतानाच फेरीला निघालो. विसाव्या हजेरीला लिंबूवालीच्या नावापुढे 'पूर्ण' लिहिताना अक्षर जरा मोठं आलं. एका ओळीची दीड ओळ झाली. चालायचंच.

यादी लागली. चोवीस जणींची नावं होती. पण गाळ्यांचे नंबर साहेबांच्या हातात होते, आणि साहेबांनी हिशेब चुकता केला. लिंबूवालीला मिळाला शेवटचा गाळा, मागच्या कोपऱ्यातला, स्वच्छतागृहाच्या दाराला अगदी लागून. रस्त्यापासून सगळ्यात लांब. पुरुषांपैकी दोघांनी तो आधीच नाकारला होता. मधले, चौकातले, रस्त्यावरचे चांगले गाळे दुसऱ्यांना.

मला वाईट वाटलं. वाटप झाल्याच्या सकाळी मी फेरी अर्धी टाकून तिच्याकडे गेलो. ती पाटी ठोकत होती, बापाची हातोडी घेऊन. टोपल्या आत मांडलेल्या, लिंबांवर पाणी मारलेलं.

"ताई," मी म्हणालो, "साहेबांनी मुद्दाम केलं हे. सूड आहे. मी बोलून बघतो, अर्ज करू, बदलून घेऊ. संडासाशेजारचा गाळा म्हणजे अगदीच..."

तिनं तोंडातला खिळा काढला.

"बदलून घेतलात तर याद राखा, बाजारातली एकूण एक बाई आता दिवसातून दोनदा माझ्या दुकानावरून जाणार आहे."